मदत हवी आहे : दादरला उतरावं की सीएसएमटीला?

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. बहीण गोरेगावला बाळंत झाली आहे, म्हणून पुढच्या आठवड्यात आईला घेऊन देवगिरीनं निघतोय. आईचे दोन्ही गुडघे धरलेत, जिन्याची एकेक पायरी कठडा धरून, थांबून चढते. सोबत ज्वारीचं पीठ, डिंकाचे लाडू अन् बाळंतविड्याची पिशवी. ते काही मागं ठेवायला ती तयार नाही, अन् तिचं बरोबरच आहे!

दादरला उतरलं तर मध्य रेल्वेकडून पश्चिमेकडं पुलावरून जावं लागतं. डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग झालेत : पश्चिम १ ते ७, मध्य ८ ते १४. म्हणजे नंबरचा घोळ नाही. खरी धास्ती पुलाची अन् सकाळच्या गर्दीची. तिथं जिना न चढता पलीकडं जाता येतं का? लिफ्ट नेमकी कोणत्या फलाटावर आहे?

दुसरा विचार असा, की सरळ सीएसएमटीला जावं. तिथून गोरेगावची हार्बर लोकल सुटते, बसायला जागा मिळेल, पूलही नाही. वेळ जास्त लागला तरी चालेल. म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुणी असं गेलंय का? हमाल मिळतो का? कृपया सांगा.