डांगचे पाच राजे खरे राजे होते की इंग्रजांचे पेन्शनर?

पांझराकाठ:
होळीच्या आधी गुजरातेतल्या डांग जिल्ह्यात आहव्याला डांग दरबार भरतो, पाच भिल्ल राजांची बग्गीतून मिरवणूक निघते, त्यांना सरकारकडून सालियाणा मिळतो, आणि दरवर्षी मग आपल्या धुळ्या-साक्रीकडचे लोक सुरू होतात की हे कसले राजे, जंगलातले नाईक होते, इंग्रजांनी राजे केले. मला हे अजिबात पटत नाही. १८१८ ला पेशवाई बुडाली, खान्देश इंग्रजांकडे गेला, पण डांग गेला नाही. १८३० मध्ये औट्रम नावाचा इंग्रज अधिकारी, तोच ज्याने १८२५ मध्ये आपल्या धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, तो फौज घेऊन डांगात शिरला. एवढं करूनही मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला सागवान पाहिजे होतं तेव्हा १८४२ मध्ये काय करावं लागलं त्यांना? गाढवी, आमाळा, वासुर्णा, दहेर, पिंपरीच्या राजांकडून जंगल पट्ट्याने, म्हणजे पैसे देऊन कराराने, घ्यावं लागलं. ज्याची मालकी नाही त्याच्याकडून कोणी पट्टा लिहून घेतं का भो? इकडे पिंपळनेर-नवापूरच्या जंगलासाठी कुठल्या भिल्लाला विचारलं होतं? १८७८ चा कायदा आला आणि जंगल सरकारजमा. डांगात तसं सरळ करता आलं नाही, हाच पुरावा आहे.

सागवान:
भाऊ, हा उलटा हिशोब झाला. इंग्रजांना कागदावर अंगठा पाहिजे होता, आणि प्रत्येक ठिकाणी एकच माणूस पाहिजे होता, म्हणून त्यांनी तो एक माणूस ठरवला. त्याआधी कसं चालायचं ते बघा. डांगातले भिल्ल खाली खान्देशातल्या आणि गायकवाडी मुलुखातल्या गावांकडून गिरास, म्हणजे ठरलेली वसुली, घ्यायचे, तो त्यांचा हक्क होता आणि त्यात भाऊबंदांचा वाटा असायचा, एकट्या राजाचा नव्हता. इंग्रजांनी गावात जाऊन गिरास घेणं बंद केलं आणि रोख रक्कम आपल्या हाताने वाटायला लागले, दरबारात शिरपाव द्यायला लागले, गादीवर कोण बसणार यातही पॉलिटिकल एजंटचा शब्द चालायला लागला. एजंट कोण? आपला खान्देशचा कलेक्टर! मग राजेपण कोणाच्या मुठीत होतं ते सांगा. राजांचा अपमान करायचा नाहीये मला, पण भाऊबंदांचा हक्क एका नावावर चढला हे कोणी बोलत नाही.

पांझराकाठ:
भाऊबंदांचं मान्य. पण वारस इंग्रज ठरवायचे म्हणून राजा खोटा, हे चालणार नाही, कारण ते सगळीकडेच ठरवत होते. १८४८ मध्ये साताऱ्याचं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं आणि मालेगावजवळच्या कवळाण्याच्या गोपाळरावाला दत्तक घेऊन गादीवर बसवलं, इंग्रजांच्या संमतीशिवाय ते झालं असतं का? तेच सयाजीराव महाराज. त्यांना कोणी इंग्रजांचा पेन्शनर म्हणत नाही, म्हणूही नये. मग भिल्ल राजाकडेच दाखला का मागायचा? हे मला मनापासून लागतं, आमच्या शेजारच्या पाड्यातली पोरं हे सगळं वाचतात.

खान्देशी_बाणा:
मूळ मुद्दा राहिला बाजूला. डांगी बोली आपल्या अहिराणीच्या किती जवळ आहे, तरी १९६० ला डांग गुजरातला गेला. त्यावर बोला कोणीतरी.

सागवान:
त्याचा वेगळा धागा काढा दादा, इथे नको. पांझराकाठ, बडोद्याची तुलना बसत नाही. तिथे स्वतःची कोर्टं, पोलीस, तिजोरी होती. डांगात पट्टे १८६२ ला नवीन झाले आणि पुढे जंगल खात्याचाच हुकूम चालू लागला, राजाच्याच रानात राजाच्याच माणसाने सागाला कुऱ्हाड लावली की गुन्हा. राज्य करायला काही शिल्लक ठेवलं होतं का?

नवापूरची_लेक:
तुमचं दोघांचं वाचतेय केव्हाची, राजा राजा आणि राजा. मी कोकणा समाजाची आहे. डांगात नांगर कोण धरायचं? कोकणा आणि वारली. नांगरामागे राजाला पट्टी कोण भरायचं? तेच. १८४२ च्या पट्ट्यात त्यांना कोणी विचारलं का? मग राखीव जंगलं झाली, राब भाजायला (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायला) आणि जागा बदलून शेती करायला बंधनं आली, त्याचा मार भिल्ल, कोकणा, वारली सगळ्यांनाच बसला पण पट्ट्याची रक्कम मात्र राजे-नाईकांच्याच घरी गेली. राजा खरा होता, मला काही शंका नाही, कर घ्यायचा म्हणजे खराच होता की! पण खरा राजा म्हटलं तर रयतेचा प्रश्न पण त्यालाच विचारायचा ना. १९७१ ला सगळ्या मोठ्या संस्थानिकांचे तनखे गेले आणि डांगचा सालियाणा चालू राहिला, तो राहावा, जंगलाचाच मोबदला आहे तो. पण जंगल फक्त पाच घरांचं होतं का?

पांझराकाठ:
ताई, नांगरपट्टीचं खरं आहे, ते मी लिहायला पाहिजे होतं. पण रक्कम फक्त पाच घरात जात नाही, नाईक आणि भाऊबंद पण घेतात. आणि रयतेला विचारलं नाही हा दोष पट्टा लिहून घेणाऱ्याचा आधी. सागवान मुंबईला गेलं, डांगात काय आलं?

नवापूरची_लेक:
आधी कोणाचा आणि नंतर कोणाचा ते लावत बसा तुम्ही. वाटणीत कोकणा कुठे बसला, एवढं सांगा.