एम. आर. जेम्सच्या भूतकथा : सुरुवात कुठून करू?

रातवा :
धारप आणि मतकरी शाळेपासून वाचत आलेय. आता इंग्रजीतल्या भयकथा वाचायच्यात, पण चिरफाड, रक्ताचे पाट नकोत. एम. आर. जेम्सचं नाव बऱ्याच ठिकाणी वाचलं. शंभर वर्षांपूर्वीचं इंग्रजी जड जाईल का? आधी कुठली कथा घेऊ?

जुनीवही :
बिनधास्त घ्या. छोट्या भूतकथेत जेम्सच्या तोडीचा लेखक मला तरी दुसरा सापडलेला नाही. माणूस मध्ययुगीन हस्तलिखितांचा मोठा अभ्यासक, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचा प्रमुख, पुढे ईटन शाळेचा. नाताळात मित्रांना जमवून मेणबत्तीच्या उजेडात स्वतःची कथा वाचून दाखवायचा. पहिला संग्रह १९०४चा. कथा मुळात ऐकवायला लिहिलेल्या, म्हणून मोठ्याने वाचल्या की भाषा आपोआप सुटी होते.

त्याची खरी ताकद स्पर्शात आहे. भूत दिसतं थोडं, हाताला लागतं जास्त. 'कास्टिंग द रून्स'मध्ये डनिंग रात्री अंधारात उशीखाली हात घालतो. नेहमीची जागा, रोजची सवय. आणि बोटांना लागतं एक तोंड : दात असलेलं, भोवती केस असलेलं, आणि माणसाचं नसलेलं. एवढंच! पुढे वर्णन नाही, किंकाळी नाही. दुसरा कुणी तिथे पानभर लिहीत बसला असता. हा एका वाक्यात काम उरकतो आणि ते वाक्य डोक्यातून जात नाही. दिवा मालवल्यावर उशीखालचा मोबाइल काढताना मला अजून ते आठवतं.

दुसरी, शिट्टीची कथा ('ओह, व्हिसल...'). भुताखेतांना मुळीच न मानणारा प्राध्यापक पार्किन्स समुद्रकाठच्या गावी गोल्फ खेळायला येतो. टेम्पलरांच्या (मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या) पडक्या वास्तूत त्याला एक जुनी शिट्टी मिळते आणि तो ती वाजवतो. त्याच्या खोलीत दोन पलंग आहेत, झोपणारा मात्र एकटाच. सकाळी मोलकरीण सांगते, दुसऱ्या पलंगावरचं अंथरूणही विस्कटलंय. पुढचं सांगत नाही. फक्त एवढं सांगतो की पलंगावरच्या साध्या चादरीचा इतका धसका मला दुसऱ्या कुणी दिला नाही.

काळोख :
'काउंट मॅग्नस' विसरलात! स्वीडनमधलं थडगं, त्याला तीन कुलपं, आणि ती एकामागून एक आपोआप गळून पडतात. माझ्या मते तीच सर्वोत्तम. सुरुवात तिथूनच करा.

जुनीवही :
कथा जबरदस्तच, पण पहिलीच म्हणून नको. सुरुवातीला जुनी कागदपत्रं, दफ्तरं फार आहेत, नवा वाचक तिथेच अडेल. मात्र ही कागदपत्रं नुसती सजावट नाहीत बरं का. तारखा, लॅटिन ओळी, पोथ्यांचे तपशील इतके चोख असतात की पुढची अशक्य गोष्टही आपण मुकाट्याने मान्य करतो. 'मेझोटिंट'पासून सुरू करा. घराचं एक साधं छापील चित्र, आणि दर वेळी पाहावं तेव्हा हिरवळीवरची आकृती हललेली. एका बैठकीत होते.

रातवा :
म्हणजे 'मेझोटिंट', मग शिट्टी, मग 'रून्स'. पुस्तक विकतच घ्यावं लागेल का?

काळोख :
नाही, पहिले दोन संग्रह प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. 'मेझोटिंट' आणि शिट्टी १९०४च्या संग्रहात, 'रून्स' १९११च्या दुसऱ्यात.