प्रतिसाद: डॉ. अन्सारींचा दवाखाना

'राजकारणात शिरलेला डॉक्टर आधी दवाखान्याला कुलूप लावतो' असं एक विधान इथे चर्चेत आलं, पण ते डॉ. मुख्तार अहमद अन्सारींना लागू पडत नाही. मद्रास, मग एडिंबरा, मग लंडनचं चेअरिंग क्रॉस रुग्णालय असा प्रवास करून दिल्लीत बसलेला हा सर्जन. त्यांचं राजकारण सुरू झालं तेच मुळी वैद्यकीय कामातून. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटलं तेव्हा जखमी तुर्की सैनिकांवर उपचार करायला इथून जे पथक गेलं, त्याचे ते प्रमुख होते. परतल्यावर नाव देशभर झालं. पुढे मुस्लिम लीगचं अध्यक्षपद आणि १९२७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसचंही, हा योग आज वाचताना चमत्कारिकच वाटतो.

दर्यागंजमधलं त्यांचं घर म्हणजे जवळपास काँग्रेसचं दिल्लीतलं बिऱ्हाड. १९३१ मध्ये व्हाइसरॉय आयर्विनशी बोलणी चालू असताना गांधीजी तिथेच उतरले होते.

आता एक गोष्ट, जी चरित्रकार जरा घाईनेच उरकतात. तारुण्य परत आणण्यासाठी प्राण्यांच्या वृषणग्रंथींचं कलम माणसावर करायचं, हे त्या काळी युरोपात गाजलेलं खूळ अन्सारींनीही मनावर घेतलं होतं. शस्त्रक्रिया केल्या, १९३५ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. उपचार पुढे निकालात निघाला तो निघालाच. पण काँग्रेसचा माजी अध्यक्ष पन्नाशीतही हातात सुरी घेऊन नवे प्रयोग करतोय, याला दवाखाना सोडणं कसं म्हणायचं? १९३६ मध्ये मसुरीहून दिल्लीला येताना रेल्वेतच ते गेले. दफन जामिया मिलियाच्या आवारात.