ब्लूटूथ हेडफोन मीटिंगमध्येच का बिघडतो? नवीन घ्यावा का?

उंबरठा:
मंडळी, सल्ला हवा आहे. लॅपटॉपला ब्लूटूथ हेडफोन जोडलाय. गाणी झकास वाजतात, पण मीटिंग सुरू झाली रे झाली की सगळ्यांचे आवाज डब्यातून आल्यासारखे येतात. मीटिंग संपवली की गाणी पुन्हा ठणठणीत. माझा आवाजही समोरच्यांना घोगरा जातो म्हणे.

दुसरं दुखणं माऊसचं. तो ब्लूटूथचा नाही, छोटा डोंगल लावून चालणारा आहे. बाहेरची हार्ड डिस्क लावून फाइली कॉपी करायला घेतल्या की बाण अडखळत सरकतो. आणि फोन मागच्या खिशात टाकून चालायला गेलो की कानातले इअरबड्स मधेमधे गप्प होतात.

ब्लूटूथ ५.३ चा नवीन हेडफोन घेतला तर सुटेल का हे सगळं? की सरळ वायरवर जावं?

चकोर:
५.३ घ्या, डोळे झाकून. जुन्या व्हर्जनचा स्पीडच कमी असतो.

बिनतारी:
चकोर, थांबा जरा. ५.० मध्ये वाढलेला वेग आणि लांबचा पल्ला हे दोन्ही 'लो एनर्जी' प्रकारासाठी आहेत. ४.० पासून, म्हणजे २०१० पासून, ब्लूटूथमध्ये दोन वेगळे रेडिओ प्रकार नांदतात. घड्याळं, सेन्सर, बरेचसे माऊस-कीबोर्ड लो एनर्जीवर चालतात. गाणी मात्र बहुतेक हेडफोनमध्ये अजून जुन्या 'क्लासिक'वरूनच येतात. त्यामुळे खोक्यावरचा आकडा बघून आवाजाचा अंदाज बांधू नका.

उंबरठा, तुमच्या हेडफोनला काहीही झालेलं नाही. गाण्यांसाठी ए-टू-डी-पी नावाचं प्रोफाइल, म्हणजे ब्लूटूथची एका ठरावीक कामाची पद्धत, वापरलं जातं. त्यात आवाज एकाच दिशेने जातो, लॅपटॉपकडून कानाकडे. त्यात माइकला जागाच नाही. मीटिंगच्या ॲपने हेडफोनचा माइक मागितला की जोडणी हँड्स-फ्री प्रोफाइलवर जाते. आता आवाज दोन्हीकडे न्यायचा, तोही उशीर न होता, म्हणून दर्जा कापला जातो. गाण्यात सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, म्हणजे मोजमापं, असतात, हँड्स-फ्रीमध्ये १६,०००, आणि जुन्या पद्धतीत फक्त ८,०००. स्टिरिओ जातो तो वेगळाच. वरच्या पट्टीतला 'स', 'श' असा भाग उडाला की आवाज कोंदट वाटतो.

उपाय फुकट आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोनच ठेवा, माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा. विंडोज १० वर हेडफोनचं नाव दोनदा दिसेल, एक स्टिरिओ आणि एक हँड्स-फ्री. त्यातला स्टिरिओवाला घ्या. हे करून बघितल्याशिवाय खिशात हात घालू नका.

शांतसागर:
पण एलडॅक कोडेकवाला, म्हणजे आवाज दाबून पाठवायची ती पद्धत असलेला, घेतला तर? ९९० केबीपीएस देतो तो.

बिनतारी:
गाण्यांसाठी देतो, तेही फोन आणि हेडफोन दोघांना येत असेल आणि सिग्नल चांगला असेल तर. मीटिंगमध्ये माइक चालू झाला की एसबीसी, एएसी, एलडॅक सगळे बाजूला बसतात. हे कोडेक ए-टू-डी-पीचे. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

तारायंत्र:
माऊसबद्दल मी सांगतो. गुन्हेगार हार्ड डिस्क आहे, माऊस नव्हे. यूएसबी ३ च्या पोर्टमधून आणि केबलमधून डेटा पळताना जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर लेखी माहिती प्रसिद्ध केली होती. तुमचा डोंगल त्याच पट्ट्यात कान लावून बसलेला, आणि शेजारच्याच पोर्टला डिस्क. माऊसचा क्षीण सिग्नल त्या गोंगाटात बुडतो.

एक साधी यूएसबी एक्स्टेंशन वायर घ्या, डोंगल तिच्या टोकाला लावून माऊसजवळ आणून ठेवा. किंवा डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. डिस्कची केबल हलकी असेल तर चांगल्या आवरणाची वापरून बघा. फरक लगेच कळेल.

ब्लूटूथही याच पट्ट्यात असतं, साधारण २,४०० ते २,४८३.५ मेगाहर्ट्झ. वायफाय, डोंगलवाले माऊस, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळती, सगळी गर्दी तिथेच, कारण हा पट्टा वापरायला परवाना लागत नाही. तरीही ब्लूटूथ तगतं ते उड्यांमुळे. क्लासिक प्रकारात ७९ वाहिन्या असतात आणि जोडलेली दोन्ही यंत्रं आधीच ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलतात. व्हर्जन १.२ पासून तर वायफायने अडवलेल्या वाहिन्या ओळखून त्या टाळण्याचीही सोय आहे. म्हणून घरातलं वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलंत, तर ब्लूटूथला आपोआप मोकळीक मिळते.

चकोर:
बरं, ५.३ चं मागे घेतो. 🙂 खिशाचं काय पण?

तारायंत्र:
शरीर. आपल्यात भरपूर पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात जिरतात. फोन मागच्या खिशात असला की मध्ये अख्खा माणूस येतो. खोलीत भिंतींवरून परतलेल्या लहरी कानापर्यंत पोचतात, उघड्यावर परतायला भिंतच नसते. त्यामुळे घरात ठीक आणि मैदानात तुटतंय, असं होतं. फोन छातीच्या किंवा पुढच्या खिशात ठेवा, जो इअरबड मुख्य असेल त्या बाजूला. काही जोड्यांत फोनशी एकच बड बोलतो आणि दुसऱ्याला पुढे देतो.

उंबरठा:
धन्यवाद मंडळी! माइक बदलून बघितला, लोकांचे आवाज एकदम स्वच्छ. डोंगलही वायरवर टाकला, बाण सुरळीत. पण लॅपटॉपच्या माइकमधून आता माझ्या कीबोर्डची खडखड सगळ्यांना ऐकू जाते. दिवसभर कॉल असतात, तर काहीतरी घ्यावं लागेलच बहुधा.

बिनतारी:
मग दोन रस्ते. टेबल सोडून उठायचं नसेल तर वायरचा यूएसबी माइक किंवा वायरचा हेडसेट. ना चार्जिंग, ना पेअरिंग, ना प्रोफाइलची भानगड. मी स्वतः हाच वापरतो. फिरत बोलायची सवय असेल तर डेक्ट प्रकारचा, म्हणजे घरगुती कॉर्डलेस फोनच्या तंत्राचा, हेडसेट बघा. तो ब्लूटूथ नव्हे, १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे २.४ च्या गर्दीबाहेर. पल्लाही जास्त. फक्त त्याचा बेस लागतो आणि फोनला तो थेट जोडता येत नाही.

शांतसागर:
एलई ऑडिओ, म्हणजे लो एनर्जीवरून आवाज नेण्याची नवी पद्धत, सुचवला नाहीत? त्यात माइक चालू असतानाही दर्जा टिकतो ना?

बिनतारी:
टिकतो, एलसी३ कोडेकमुळे. पण ५.२ किंवा ५.३ लिहिलंय म्हणून एलई ऑडिओ असेलच असं नाही, ती सोय ऐच्छिक आहे. लॅपटॉपचा ब्लूटूथ, त्याचा ड्रायव्हर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि हेडफोन, चौघांनाही ते यायला हवं. उंबरठा, लॅपटॉपचं मॉडेल इथे टाका, मी त्यातली ब्लूटूथ चिप बघून सांगतो. तोवर घेऊ नका.