माझी नायिका पोलिसांत का जात नाही?

आरडीवाली_शकू
मी पोस्टाची आरडी एजंट, म्हणजे लोकांच्या दरमहा बचत खात्यांचे हप्ते गोळा करते, 22 वर्षं झाली. दर महिन्याला पंधरा तारखेच्या आत सांगलीचा गावभाग आणि खणभाग पायी पालथा घालते. यंदा एका दिवाळी अंकाला रहस्यकथा पाठवायचं डोक्यात आहे. नायिका माझ्यासारखीच, आरडीवाली बाई.

एक आजोबा वारलेत, पण त्यांचा हप्ता अजून येतोय. नातू म्हणवणारा एक पोरगा तिच्या दारात पाकीट देऊन जातो. वारसाला खातं मुदतीपर्यंत चालवता येतं, पण त्याला अर्ज लागतो. तो झालेलाच नाही. मग ती हप्त्यांच्या नोंदीची कार्डं चाळते, तर अशी आणखी चार खाती निघतात. पाचही पासबुकं 2019 च्या पुरात भिजली म्हणून नव्यानं काढलेली.

इथवर झकास जमलं. सून म्हणते, "आई, ती सरळ 112 लावेल की!" झालं, गोष्ट खलास. तिला अडवू कशी? मुलाला पळवणं वगैरे नको, ते मालिकेत रोजच असतं.

कट्टेकरी
पोलीसच सामील दाखवा. रात्री दोनला जीप येते, तिला उचलतात.

वर्दी_उतरवली
कट्टेकरी, बाईला सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही. अपवाद आहे, पण त्याला महिला अधिकारी लागते आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगीही. तुमची जीप सकाळी पाठवा.

शकूताई, मी ठाण्यात बसून हजारो तक्रारी लिहून घेतल्या. माणूस येत नाही तो गुंडाच्या भीतीनं कमी, स्वतःच्या सहीच्या भीतीनं जास्त. पैसे मिळाल्याची सही कार्डावर कोणाची? तुमच्या बाईची. कमिशन कोणी घेतलं? तिनंच. ती ठाण्यात आली असती तर मी पहिला प्रश्न तिलाच विचारला असता. पळवापळवी हवी कशाला?

नीलिमा_ह्यूस्टन
माझ्या शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातली खरी गोष्ट सांगते. कॅरन सिल्कवुड, वय 28, क्रेसंट गावाजवळच्या केर-मॅगी कंपनीच्या प्लुटोनियम या किरणोत्सारी धातूच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला. हेर नाही, पत्रकार नाही. युनियनच्या समितीवर निवडून आली म्हणून सुरक्षेतल्या त्रुटी टिपू लागली. अणुभट्टीच्या इंधनकांड्यांच्या तपासणीत फेरफार होतो असाही तिचा आरोप होता. नोव्हेंबर 1974 मध्ये तिच्या अंगावर प्लुटोनियम सापडलं, मग घरातही. 13 नोव्हेंबरच्या रात्री ती न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराला भेटायला एकटी गाडीनं निघाली आणि वाटेतच अपघातात गेली. पोलीस म्हणाले, गाडी चालवताना झोप लागली. रक्तात गुंगीचं औषध सापडलंही होतं. पण सोबत नेलेले कागद मिळाले नाहीत असं तिच्या बाजूचे लोक सांगत राहिले. तिच्या माणसांनी लावलेला दावा 1986 मध्ये 13 लाख 80 हजार डॉलरवर मिटला. अपघात की घातपात, यावर अजून वाद चालतो.

मला यात सगळ्यात भिडतं ते घर. प्लुटोनियम तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिजमधल्या खाण्यापर्यंत पोचलं होतं. ताई, तुमच्या बाईचंही धोक्याचं ठिकाण घरातच ठेवा. ती कार्डं ती कुठे ठेवते?

आरडीवाली_शकू
तांदळाच्या डब्याखाली. मीही तिथेच ठेवते, कोणाला सांगू नका!

दादा, तुमचं सहीचं वाचून काल रात्री हिशोब मांडला. पाच खाती, प्रत्येकी दोन हजार. चार टक्क्यांनी महिन्याला चारशे रुपये. चारशे रुपयांसाठी बाई गप्प बसेल? एकदम नाही बसणार. पण पहिल्या महिन्यात वाटेल, घरचे भरत असतील, अर्ज देतील सावकाश. दुसऱ्या महिन्यात विचारायचं राहून जाईल. सहाव्या महिन्यात विचारायची सोयच उरणार नाही, कारण मग प्रश्न येईल की इतके दिवस काय करत होतीस. हे मला कोणी शिकवायला नको.

तर आता पुराचं प्रकरण मागे ढकललं आणि सुरुवात बदलली. पहिलं वाक्य असं ठेवते: "आजोबांच्या तेराव्याला मी जेवून आले, आणि त्याच महिन्यात त्यांचा हप्ता भरला."

वर्दी_उतरवली
आता तिला ठाण्यात पाठवा. कार्डं घेऊन.