आमेरचा महाल: सकाळचं ऊन की संध्याकाळचं?

घोडबंदरवासी: जानेवारीत सहकुटुंब जयपूरला चाललोय. आमेरच्या महालाचे नीट फोटो हवेत. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. बजेट ८ हजार, त्यावर घरून मंजुरी नाही. सकाळी जाऊ की संध्याकाळी? लेन्स घेऊ की ट्रायपॉड?

नौपाडेकर: लांबचं जवळ आणणारी ७०-२०० लेन्स घ्या. डोळे झाकून. मी घेतली तेव्हा बायको आठवडाभर बोलत नव्हती, आता तिचेच फोटो त्यावर काढतो. महाग आहे, पण एकदाच काय ते.

वाशीकरीण: अहो, ८ हजार म्हणालेत ते! सकाळीच जा. मावठा तलाव आणि सूरजपोळ दरवाजा पूर्वेला, जयगडाचा डोंगर पश्चिमेला. दुपार कलली की दर्शनी बाजू सावलीत जाते. आत ८ला सोडतात, त्याआधी तलावापलीकडच्या रस्त्यावर उभे राहा आणि पिवळ्या भिंतींवर ऊन चढताना टिपा. दहानंतर ऊन पांढरं पडतं, तेव्हा शीशमहालात शिरायचं.

कळव्याचा बंड्या: आमेर कशाला? जव्हारला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आहे की, टेकडीवर. आपल्याच ठाणे जिल्ह्यात.

नौपाडेकर: पालघर जिल्हा. १ ऑगस्ट २०१४ पासून.

कळव्याचा बंड्या: सरकारसाठी असेल.

खारघर३५: लेन्सवर लावायचा पोलरायझर फिल्टर घ्या, आकाश गडद निळं येतं.

वाशीकरीण: सूर्य कॅमेऱ्याच्या दिशेशी काटकोनात असेल तर. इथे सकाळी तो पाठीशी, आकाशात ढिम्म फरक नाही. उलट तलावातलं प्रतिबिंब पुसलं जाईल.

खारघर३५: माझ्याकडे तरी छान आलेत. असो. लेन्स घेतलीत तर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. माझी कपाटात राहिली, आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यागत बुरशी. दुरुस्तीवाल्याने लेन्सच्या निम्मी किंमत सांगितली.

नौपाडेकर: सकाळीच जा. तोंड पूर्वेला आहे.

कळव्याचा बंड्या: काका, वर तेच लिहिलंय.

घोडबंदरवासी: सर्वांचे आभार. आई ९च्या आत हॉटेल सोडणार नाही आणि मुलांना रोषणाई बघायचीय. त्यामुळे संध्याकाळीच जातोय. ८ हजार बापू बाजारासाठी बाजूला निघालेत.

वाशीकरीण: मग रोषणाईला कॅमेरा कठड्यावर टेकवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कमी ठेवा, २ सेकंदांचा टायमर लावा. आणि पट्टा मनगटात अडकवा.