सोसायटीच्या वाचनगटासाठी रहस्यकादंबऱ्या: सहा महिने, सहा पुस्तकं

पार्लेकरीण

नमस्कार. विलेपार्ल्याला आमच्या सोसायटीत जूनपासून वाचनगट सुरू करतोय. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोन तास, महिन्याला एक पुस्तक. चौदा जण आहेत: चार-पाच पंचाहत्तरीच्या आसपासचे, दोन कॉलेजातली मुलं, बाकीचे नोकरदार, म्हणजे लोकलमध्ये वाचणारे. पहिले सहा महिने फक्त रहस्यकादंबऱ्या वाचायच्या ठरलंय. रक्तपाताची, छळाची वर्णनं शक्यतो नकोत. खुनी कोण ते शेवटी कळलंच पाहिजे. निदान दोन पुस्तकं ऐतिहासिक हवीत आणि त्यातलं एखादं मुंबईत घडणारं असेल तर फारच छान. तिघांना चारशे पानं इंग्रजीत झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी मराठीत काय आहे? आणि चर्चेत शेवट फुटू नये म्हणून बैठक कशी घ्यावी?

गिरगावची

ऐतिहासिक रहस्यकथा निवडताना मी एकच कसोटी लावते. तो काळ काढून घेतला तर रहस्य उरतं का? उरत असेल तर इतिहास म्हणजे नुसता टांगा आणि कंदील. काळामुळेच तपास अडला पाहिजे आणि काळामुळेच सुटला पाहिजे.

या कसोटीवर मुंबईचं पहिलं पुस्तक सुजाता मॅसी यांचं 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८). भारतीय आवृत्तीचं नाव 'अ मर्डर ऑन मलबार हिल' आहे, दुकानात त्या नावाने विचारा. साल १९२१. मलबार हिलच्या बंगल्यात तीन विधवा पडद्यात राहतात आणि तिघींनी आपला मेहेर (निकाहात बायकोला ठरलेली रक्कम) वक्फला, म्हणजे धर्मादाय निधीला, देऊन टाकल्याच्या कागदावर सह्या केलेल्या दिसतात. पुरुष पोलिसाला जाळीपलीकडे जाता येत नाही, वकील परवीन मिस्त्रीला येतं. बाईला प्रवेश नसता तर हा गुन्हा उलगडलाच नसता, इतकं ते घट्ट बसलंय. स्त्रियांना वकिलीचं दार उघडणारा कायदा १९२३ सालचा, म्हणून परवीन इच्छापत्रं, करारनामे बघते पण कोर्टात उभी राहू शकत नाही. तिच्यामागे आपल्या नाशिकात जन्मलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वकिलांपैकी एक असलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे.

दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. कथा १९२१ आणि १९१६-१७ अशा दोन काळांत आलटून पालटून चालते. घाईत वाचणारे तिथे हमखास चुकतात, प्रत्येक प्रकरण उघडताना साल बघायचं. दुसरं म्हणजे जुन्या काळातल्या भागात परवीनच्या सासरचा छळ आहे. भडक नाही, पण तुमच्या अटीला धक्का लावणारा आहे. तो नकोच असेल तर मालिकेतलं दुसरं, 'द सतापूर मूनस्टोन' (२०१९) घ्या. सह्याद्रीतलं काल्पनिक संस्थान, पडद्यातल्या राण्या, बालराजा. तिसरं, 'द बॉम्बे प्रिन्स', नोव्हेंबर १९२१ मधल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीच्या वेळी उसळलेल्या दंगलीत घडतं. तेव्हाचं शहर त्यात फार नेमकं उतरलंय, पण ते तिसऱ्या क्रमांकावरच वाचावं.

मुंबईचंच दुसरं: वसीम खान यांचं 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस' (२०२०). ३१ डिसेंबर १९४९ च्या रात्री एका इंग्रज अधिकाऱ्याचा खून होतो, प्रजासत्ताक व्हायला जेमतेम चार आठवडे उरलेत आणि तपास देशातल्या पहिल्या महिला इन्स्पेक्टरकडे येतो. ही पर्सिस वाडिया काल्पनिक आहे. फाळणी इथे पार्श्वभूमी नाही, खुनाचं मूळच तिथपर्यंत जातं. त्यापुढचं 'द डाइंग डे' मुंबईच्या एशियाटिक सोसायटीतून इटालियन कवी डांटेचं हस्तलिखित नाहीसं होण्याभोवती फिरतं. ते हस्तलिखित एशियाटिककडे खरोखर आहे. त्या पुस्तकाच्या महिन्यात बैठक एशियाटिक आहे त्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर घेता आली तर घ्याच.

नेव्ह मार्च यांचं 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' (२०२०) कुणीतरी सुचवेलच. १८९१ मध्ये राजाबाई टॉवरवरून दोन पारशी तरुणी पडून मरण पावल्या, त्या खऱ्या घटनेवरून ते सुचलंय. सुरुवात जबरदस्त आहे, पण मधला मोठा भाग मुंबई सोडून उत्तरेत जातो आणि प्रेमकथा तपासाइतकीच जागा घेते. महिन्याच्या मुदतीत तुमचा गट तिथे रेंगाळेल.

नऊ_बावनची_लोकल

वरच्या कसोटीशी सहमत. मुंबईबाहेरचं एक ऐतिहासिक हवं असेल तर एलिस पीटर्स यांचा ब्रदर कॅडफेल. बाराव्या शतकातलं इंग्लंड, मठातल्या औषधी बागेचा माळी असलेला साधू. मालिकेत वीस कादंबऱ्या आहेत. पहिलीपासून सुरू करायची गरज नाही, दुसरी 'वन कॉर्प्स टू मेनी' (१९७९) घ्या. ११३८ च्या वेढ्यानंतर ९४ कैद्यांना फाशी दिलं जातं, कॅडफेल प्रेतं मोजतो तर ९५ भरतात. खून लपवायला याहून सोयीची जागा कुठली! प्रेतं आहेत पण किळस नाही.

उंबेर्तो एको यांचं 'द नेम ऑफ द रोज' पहिल्या सहा महिन्यांत नकोच. १३२७ सालचा मठ, सात दिवस, अप्रतिम आहे. पण पहिली शंभर पानं वाचकाला मुद्दाम दमवतात, ती कमी करा असं सुचवलं गेलं तेव्हा एकोंनी नकार दिला होता. लॅटिन वाक्यांचा अर्थही जागेवर मिळत नाही. गट तिथेच फुटेल.

टिळकपूल

हलक्याफुलक्या, 'कोझी' म्हणतात त्या प्रकारासाठी पहिल्या महिन्यात अ‍ॅगाथा ख्रिस्तींचं 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) घ्या. गावातल्या पेपरात जाहिरात येते: अमुक घरी, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला खून होईल. सगळे शेजारी उत्सुकतेने हजर. युद्धानंतरचा काळ, रेशनकार्डं, कोळशाची टंचाई आणि शेजारी राहायला आलेला माणूस नक्की कोण हे कुणालाच ठाऊक नाही. गिरगावची यांची कसोटी इथेही लागू पडते, कारण युद्धाआधीच्या गावात हा गुन्हा जमलाच नसता. पुरावे सगळे वाचकासमोर ठेवलेत, अगदी घर गरम कसं ठेवतात इथपर्यंत.

रिचर्ड ऑस्मन यांचं 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) तुमच्या ज्येष्ठांना आवडेल. निवृत्तांच्या वसाहतीतले चौघे तपास करतात. प्रकरणं अगदी छोटी, अंधेरी ते दादरमध्ये दोन-तीन होतात. मात्र स्मृतिभ्रंश आणि जोडीदाराचा वियोग त्यात खोलवर आहे, वरच्या विनोदावर जाऊ नका. आणि पुरावे जोडून खुनी ओळखण्याची सोय ख्रिस्तींइतकी चोख नाही.

आता ख्रिस्ती विकत घेताना होणाऱ्या चुका. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर अमेरिकी आवृत्त्याही असतात आणि त्यांची नावं वेगळी असतात. 'लॉर्ड एजवेअर डाइज' म्हणजेच 'थर्टीन अ‍ॅट डिनर', 'फाइव्ह लिटल पिग्ज' म्हणजे 'मर्डर इन रेट्रोस्पेक्ट', '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' म्हणजे 'व्हॉट मिसेस मॅकगिलिकडी सॉ!'. नवं समजून तेच पुस्तक पुन्हा घेतलं जातं. खरेदीआधी शीर्षकपानामागच्या पानावरचं मूळ नाव बघा.

क्रमाचंही भान ठेवा. 'डम्ब विटनेस' (१९३७) मध्ये ख्रिस्तींचा गुप्तहेर प्वारो आधीच्या चार पुस्तकांतल्या खुन्यांची नावं सरळ घेतो: स्टाइल्स, रॉजर अ‍ॅक्रॉइड, ब्लू ट्रेन आणि 'डेथ इन द क्लाउड्स'. 'कार्ड्स ऑन द टेबल' मध्ये 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस'चं उत्तर फुटतं. म्हणून ही दोन शेवटी.

पार्लेकरीण

फार उपयोगी. सासरच्या छळाचं कळल्यावर गटात विचारलं, सगळ्यांना 'मलबार हिल' च वाचायचंय. मराठीचं आणि बैठकीचं कुणी सांगेल का?

पावसाळी वाचक

मराठीत तुमच्या तिघांसाठी सर्वात आधी सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलुदा. अशोक जैन यांनी केलेले अनुवाद रोहन प्रकाशनाने काढलेत, पुस्तकं छोटी आहेत. त्यातली एक कथा वेरूळच्या कैलास लेण्यात घडते, मूर्तिचोरीची, आणि एक मुंबईत. या दोन्ही एका महिन्यात सगळ्या गटालाच वाचायला द्या, कॉलेजची मुलंही रमतील.

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड ज्येष्ठांना नक्की आठवत असेल. त्या साहसकथा आहेत, 'खुनी कोण' ची अपेक्षा ठेवून वाचू नका. सुहास शिरवळकरांचे फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन वेगवान आहेत, पण मारामारी असते. जुन्या प्रतींसाठी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या शाखांत चौकशी करा.

बैठक अशी घ्या. संयोजकाने पुस्तक आधी पूर्ण वाचायचं आणि उलगड्याच्या लगेच आधीचं प्रकरण 'थांबा' म्हणून जाहीर करायचं. पानाचा आकडा देऊ नका, आवृत्तीगणिक पानं बदलतात. सगळ्यांनी तिथपर्यंतच वाचून यायचं. पहिली चाळीस मिनिटं चर्चा, मग प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायच्या: कोण, का, आणि कुठल्या पुराव्यावरून. तिसरा रकाना सक्तीचा, नाहीतर चौदा जण चौदा अंदाज बांधतात आणि बोलायला काही उरत नाही. चिठ्ठ्या डब्यात. मग शेवटची प्रकरणं तिथेच मोठ्याने वाचायची, पाळीपाळीने. ख्रिस्तींचा उलगडा बहुतेकदा तासाभरात होतो. ऑस्मन आणि मॅसींचा लांबतो, तिथे शेवट घरी वाचून पंधरा दिवसांनी अर्धा तास भेटा.

शेवट फुटतो तो बहुधा प्रस्तावनेतून, म्हणून नामवंत पुस्तकांची प्रस्तावना आधी वाचायची नाही. विकिपीडियावर पात्रांची नावं शोधायची नाहीत. फोनवर ई-पुस्तक वाचणाऱ्यांना घराचे आराखडे नीट दिसत नाहीत. 'रॉजर अ‍ॅक्रॉइड' मध्ये अभ्यासिकेचा नकाशा आहे, तो कळला नाही तर निम्मा तर्क जातो. छापील प्रतीवरून चौदा झेरॉक्स काढून पहिल्याच दिवशी वाटा. आणि गटावर ख्रिस्तींच्या फुकट पीडीएफ फिरवू नका. त्या १९७६ मध्ये गेल्या, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क असतो, म्हणजे २०३६ संपेपर्यंत. फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर विल्की कॉलिन्सचं 'द मूनस्टोन' (१८६८) आहे, पण ते जाडजूड. दिवाळीच्या सुट्टीत ठेवा.